दोघींची चतुर्थी

ती मला मॅडम म्हणायची आणि मी तिला सिस्टर. मी झरीच्या शाळेत शिकवते. ती त्याच रस्त्यावर, झरीच्या पुढं एका गावात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. दोघीही राहायला परभणीत. सकाळच्या जिंतूर गाडीनं जायचं आणि संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं परत यायचं, असं आमचं अपडाउन. ते आम्ही कित्येक वर्षं शेजारी बसून केलं आणि तेवढ्या काळात एकदाही एकमेकींचं नाव विचारलं नाही.

नावावाचून चालतं का, असं कुणाला वाटेल. आरामात चालतं. मॅडम, सर, सिस्टर, भाऊसाहेब असं म्हणायची सोय असली की नावाचं काही अडत नाही. माझ्या फोनमध्ये ती ‘सिस्टर जिंतूर गाडी’ होती आणि तिच्या फोनमध्ये मी ‘झरी मॅडम’. ‘आज सुट्टीवर आहे’, ‘गाडी लेट’, ‘जागा धरा’ एवढ्यापुरता तो नंबर. तिच्या व्हॉट्सॲपवर गुलाबाचं फूल होतं, माझ्या व्हॉट्सॲपवर माझ्या मुलीचा दुसरीतला फोटो.

आता खरं कारण सांगते. आमच्या भागात नाव हा प्रश्न एकटा येत नाही. नाव सांगितलं की आडनाव. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. मग गाव कोणतं. मग त्या गावात कुणाच्या घराजवळ. मग शेवटी, “म्हणजे तुमी कुणापैकी?” हे सगळं चहा पिता पिता, हसत खेळत, गाडीची वाट बघता बघता चालतं. विचारणारा पुष्कळदा मायेनंच विचारत असतो, कुणीतरी ओळखीचं निघेल म्हणून. पण मी बौद्ध आहे हे कळल्यावर कपातला चहा संपेपर्यंत समोरच्याच्या चेहऱ्यावर काय काय होतं, ते मी लहानपणापासून बघत आलेय. काहींच्या चेहऱ्यावर काहीच होत नाही, तेही सांगायला हवं. पण कुणाच्या होईल आणि कुणाच्या नाही हे आधी ओळखता येत नाही, आणि मला त्याचा कंटाळा आला होता. लाज नाही, कंटाळा. आमच्या घरातला बाबासाहेबांचा फोटो दारातूनच दिसतो. जयंतीला मी निळा फेटा बांधून मिरवणुकीत चालते. शाळेत सगळ्यांना सगळं माहीत आहे. फक्त गाडीतल्या त्या पाऊण तासात मला कुणापैकीच नसायचं होतं.

मध्यंतरी आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. पुण्याहून एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, आपण दिवसभर हवापाण्याच्या वरवरच्या गप्पा मारतो, म्हणून माणसं जवळ येत नाहीत. मनातलं बोलायला शिकलं पाहिजे. मग त्यांनी आमच्या जोड्या लावल्या आणि आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रसंग जोडीदाराला सांगा म्हणाल्या. माझ्या वाट्याला निवृत्तीला टेकलेले एक गुरुजी आले. त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि विचारलं, “आडनाव काय म्हणलात, मॅडम?” माझा अवघड प्रसंग तिथंच सुरू झाला होता, पण तो त्यांना काय सांगणार. मी त्यांना कॉलेजात असताना झालेल्या काविळीबद्दल सांगितलं. त्यांनी कावीळ उतरवणाऱ्या एका माणसाचा पत्ता दिला.

सिस्टरशी मात्र मला वरवरच्याच गप्पा मारायच्या होत्या आणि त्या ती फार छान मारायची. आमच्या गल्लीत नळ कधी आला, तिच्याकडं कधी आला, यावर रोज बोलणं व्हायचं. परभणीत राहणाऱ्याला हा विषय कधी पुरा होत नाही. मग भाजी. फुलकोबी कशी ओळखावी याचं तिचं एक शास्त्र होतं. देठाचा वास घेतल्याशिवाय ती पिशवीत टाकायची नाही. मग तिचा शिंपी, जो ब्लाउजची बाही कायम आखूड करायचा आणि तरी ती त्याच्याकडंच जायची, कारण “दुसऱ्याकडं गेलं तर ह्याला वाईट वाटंल.” तिच्या नवऱ्याचं घोरणं, आमच्या मुख्याध्यापकांचं फोनवर ओरडून बोलणं. गाडीत गर्दी असली की माझी बॅग मांडीवर घ्यायची. मला ताप आला तेव्हा दवाखान्यातून फोन करून कोणती तपासणी करून घ्यायची ते सांगायची आणि दुसऱ्या दिवशी केली का म्हणून विचारायची. ती कोण, कुठली, हे मला माहीत नव्हतं, पण ती कशी आहे हे चांगलं माहीत होतं.

तिला मी वरच्या जातीची, शेतीवाडीवाल्या घरातली समजत होते. तसं समजायला एक निमित्त झालं, ते चतुर्थीचं.

आमच्या गाडीला बोरीकडची एक मावशी असायची. शहरातल्या लेकीकडं भाजी पोचवून परत जाणारी, तोंडानं गोड आणि चौकश्यांना न थकणारी. एका सकाळी घरातला गॅस संपल्यामुळं माझा डबा झाला नव्हता. मावशीच्या ते लगेच नजरेत आलं. 

“आज डबा न्हाई वाटतं, मॅडम? चतुर्थी हाय का तुमाला?”

नाही म्हटलं असतं तर मावशीनं पुढचं विचारलं असतं. तुमच्यात करत न्हाईत का? मग तुमच्यात काय करतेत? मी म्हणाले, “हो, चतुर्थी.” माझ्या शेजारून सिस्टर लगेच म्हणाली, “माझीबी हाय.” मावशी खूश झाली, तिनं आम्हाला दोन-दोन केळी दिली आणि विषय मिटला.

तो मिटला मावशीपुरता. पुढच्या महिन्यात चतुर्थीच्या संध्याकाळी सिस्टरनं परतीच्या गाडीत स्टीलचा डबा उघडला. आत भगर आणि शेंगदाण्याची आमटी. “तुमी दिवसभर उपाशी असताल म्हणून आणलं,” ती म्हणाली. मी दुपारी शाळेत पोळी आणि अंड्याची पोळी असा भरपेट डबा खाल्ला होता. तरी मी उपाशी चेहरा केला आणि भगर खाल्ली. भगर चांगली झाली होती. तिनं आणलं म्हटल्यावर पुढच्या वेळी मला रताळ्याच्या फोडी न्याव्या लागल्या. मग ती साबुदाणा, मी शेंगदाण्याचे लाडू. घरात कधी नव्हतं ते कॅलेंडर मी स्वयंपाकघरात टांगलं आणि चतुर्थीवर खूण करायला लागले. “आज चंद्र कधी हाय, मॅडम?” असं ती विचारायची, आणि मला उत्तर पाठ असायचं. माझी मुलगी फार हसायची. “आई, आज तुझा गाडीतला उपास ना?” असं ओरडून तिनं मला कितीदा लाडवांची आठवण करून दिली असेल.

हे नाटक मला जड जात नव्हतं, हे आवर्जून सांगते. महिन्यातून एकदा कुणीतरी आपल्यासाठी भगर शिजवून आणतं, याचं मला सुखच होतं.

मुलगी दहावीत गेली त्या वर्षी गोष्ट बदलली. आम्ही ज्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो ते घर एका शेतकरी कुटुंबाचं होतं. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी शहरात बांधलेलं. ते हिंदू, आम्ही बौद्ध, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यावरून तिथं कधी एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. पण त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना खोल्या लागणार होत्या. मालकीणबाईंनी डोळ्याला पदर लावून सांगितलं, दिवाळीपर्यंत बघा. त्यांचंही बरोबरच होतं.

अडचण होती ती मुलीच्या क्लासची. त्या घराच्या जवळच गणिताचे एक सर क्लास घ्यायचे. नववीपर्यंत गणित म्हटलं की तोंड फिरवणारी माझी मुलगी त्यांच्याकडं जायला लागल्यापासून जेवतानासुद्धा उदाहरणं सोडवायची. विज्ञान शाखा घ्यायची आणि पुढं इथल्याच कृषी विद्यापीठात शिकायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. क्लास अंधार पडल्यावर सुटायचा. माझा नवरा बियाण्याच्या कंपनीत फिरतीवर, आठवड्यातले बरेच दिवस बाहेरगावी. मी झरीहून कधी पोचेन ते एसटीच्या हातात. म्हणून घर त्याच भागात हवं होतं. आमच्या लोकांची मोठी वस्ती रेल्वे लाइनच्या पलीकडं आहे, तिथं खोल्या मिळाल्या असत्या, कुणी काही विचारलंही नसतं. पण तिथून एकट्या मुलीनं रात्री क्लासहून कसं यायचं?

मग घरं बघणं सुरू झालं. एक बाई फार प्रेमानं बोलल्या. त्यांनी चहा केला, माझ्या साडीचा पोत हातात घेऊन बघितला, त्यांच्या सुनेचं बाळंतपण सांगितलं. मला वाटलं, जमलं. मग त्यांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग ते. “ह्यांना विचारून सांगते हं,” त्या म्हणाल्या. ते ‘हे’ शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते, पण त्यांना विचारायला बाई उठल्या नाहीत. दुसऱ्या एका घरी “आमच्यात मटण-मच्छी चालत न्हाई” एवढ्यावरच दार लागलं, आणि जिन्यात तर मटणाचाच वास होता. असं पुष्कळ झालं. घरी येऊन मी भांडी आपटायचे.

सिस्टरला मी हे कसं सांगणार? तिला मी कारणं सांगायचे ती वेगळी. ह्या घरात पाण्याची टाकी लहान. त्या घरात उजेड नाही. तिसऱ्याचा जिना अरुंद. ती सगळं मन लावून ऐकायची आणि म्हणायची, “तुमी घर लई चोखंदळपणानं बघता, मॅडम.” मी हसायचे.

तिचंही त्या वर्षी एक काम चालू होतं. तिनं घराचा वरचा मजला काढला होता. त्याच्या फरशीपासून नळाच्या तोट्यांपर्यंत सगळं मला माहीत होतं. न्हाणीघराला हिरव्या फरश्या लावल्या, त्या तिला आवडल्या नव्हत्या पण नवऱ्याला आवडल्या होत्या. दक्षिणेला मोठी खिडकी होती. आणि घर होतं क्लासच्या मागच्या गल्लीत. हेही मला माहीत होतं.

दिवाळी जवळ आली तेव्हाची ती सकाळ मला स्पष्ट आठवते. गाडी शहराच्या बाहेर पडली होती. सिस्टर खिडकीशी होती.

“वरचं काम झालं बघा एकदाचं,” ती म्हणाली. “भाड्यानं देऊन टाकावं म्हणायलेत आमचे हे. कुणी बरं माणूस भेटलं तर.”

बरं माणूस. हे दोन शब्द मी त्या महिन्यात इतक्या दारांत ऐकले होते की त्यांचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हणाले, “हो, माणूस बघूनच द्यावं.”

ती बाहेर बघत म्हणाली, “तुमीबी घर बघायलाव ना अजून?”

“बघायलेय की.”

“तुमाला तर मोठं लागत असंल. देवघर-बिवघर.”

आमच्या घरात देवघर नाही, कधी नव्हतं. पण चतुर्थी करणाऱ्या बाईला देवघर हवंच. मला वाटलं, ती चाचपून बघतेय. देवघर नको म्हणाले तर पुढचा प्रश्न येईल. आणि मला आतून ओरडून सांगावंसं वाटत होतं की मला द्या, मी बरं माणूस आहे, तुम्हाला माहीत आहे मी कशी आहे. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती जर म्हणाली असती की ह्यांना विचारून सांगते, तर? बाकीच्या बायकांचे चेहरे बदललेले मी सोसले होते. हिचा चेहरा बदललेला मला बघायचा नव्हता. घर गेलं तर एक घर जाईल, पण त्याबरोबर रोजची ही जागा, ही बाई, तीही जाईल, याची मला खरीखुरी भीती वाटली.

“हो ना,” मी म्हणाले. “देवघर तर पाहिजेच.”

“पाहिजेच की,” ती म्हणाली आणि पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला लागली. मग आम्ही फराळावर बोललो.

दिवाळीनंतर आम्ही लाइनच्या पलीकडं राहायला गेलो. घर चांगलं होतं, शेजार चांगला होता. सुरुवातीला मी मुलीला आणायला रिक्षानं क्लासला जायचे. पण झरीहून येणारी गाडी कधी उशिरा यायची, आणि अशा दोन-तीन वेळा सगळी मुलं निघून गेल्यावर मुलगी बंद क्लासच्या पायरीवर एकटीच बसलेली मला दिसली. नवऱ्यानं सांगितलं, बस झालं. आम्ही तो क्लास सोडला. पलीकडं दुसरा एक क्लास होता, तिथं ती जायला लागली. त्या सरांचं शिकवणं वाईट नव्हतं, पण जेवताना उदाहरणं सोडवणं बंद झालं. निकाल लागला तेव्हा बाकीच्या विषयांत चांगले आणि गणितात कसेबसे गुण होते. विज्ञान शाखेचा विषय तिनं स्वतःच बंद केला. “कला शाखा पण चांगली असते, आई,” असं तिनं मला समजावलं. तिनं मला समजवावं, याचं मला जास्त लागलं.

निकालानंतर थोड्याच दिवसांत माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, परभणीतच, एका मंगल कार्यालयात. मी पांढरी साडी नेसून गेले. समोर मंचावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. वंदना सुरू झाली तसे सगळे उठून हात जोडून उभे राहिले. मी म्हणत होते आणि म्हणता म्हणता माझी नजर मुलाकडच्या बायकांच्या रांगेत गेली. पांढऱ्या साडीतली एक बाई काखेत पर्स घट्ट दाबून उभी होती. पर्स तशी धरणारी मला एकच बाई माहीत होती. तेवढ्यात तिनं मागच्या एका पोराला दटावायला मान वळवली आणि आमची नजरानजर झाली.

तिचे ओठ हलत होते, त्रिशरण म्हणत होते. माझेही. दोघींचं तोंड चालू आणि डोळे फाटलेले. मधेच थांबता येत नव्हतं. पंचशील पुरं होईपर्यंत आम्ही तशाच एकमेकींकडं बघत राहिलो.

जेवणाच्या वेळी ती ताट घेऊन माझ्याकडं आली.

“मॅडम, तुमी?”

“सिस्टर, तुमी?”

“अन् चतुर्थी?”

“ती तर मी तुमच्यामुळं धरत होते!”

“आवं, मी तुमच्यामुळं धरायले की!”

तिथून जे हसू सुटलं ते आवरेना. तिच्या ताटातली जिलेबी खाली पडली. मावसबहिणीनं येऊन विचारलं, काय झालं, तर आम्हाला सांगता येईना. मग एकेक उलगडायला लागलं. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी दोघींचेही आवाज बसलेले असायचे. ती सर्दी म्हणायची, मी पोरांवर ओरडून बसला म्हणायचे. त्या दिवशीचं व्हॉट्सॲपचं स्टेटस तिला दिसू नये अशी सोय मी दर वर्षी करून ठेवायचे. तिनंही केलेली होती. दवाखान्यात ती आणि शाळेत मी, दोघी दुपारी व्यवस्थित जेवून यायचो. मग गाव कोणतं, तिथं कुणाचं घर, माहेर कुठलं, कुणापैकी, हे जे प्रश्न आम्ही जन्मभर चुकवले, तेच आता हावरटासारखे एकमेकींना विचारत सुटलो. तिची जाऊ माझ्या आजोळच्या गावची निघाली. मला त्याचा इतका आनंद झाला की मी तिचा हात सोडेना.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, “वरचा मजला?”

“दिला,” ती म्हणाली. “दिवाळी झाल्या झाल्या. बँकेतलं जोडपं हाय.” मग ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली. “तुमी देवघर पाहिजेच म्हणलाव, मॅडम. माझ्या घरात समोरच्या भिंतीला बुद्धाचा एवढा मोठा फोटो. म्हणलं, ह्या बघायला येतील, फोटो बघतील, पाणी पितील अन् निघून जातील. घर राहू द्या. उद्यापासून गाडीत माझ्याशेजारी कोण बसंल?”

मग तिनंच विचारलं, “लेकीची दहावी होती न? कसे पडले मार्क?”

मी सांगितलं. गणिताचेही सांगितले, क्लास का सोडला तेही सांगितलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं ताट खुर्चीवर ठेवलं. क्लास तिच्या गच्चीवरून दिसत होता. संध्याकाळी पोरं सुटली की त्यांचा गलका तिच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा, एवढंच ती म्हणाली, आणि रडायला लागली. मला रडू आलं नाही, मला राग आला. तिचा आला, माझा आला, चहा पाजणाऱ्या त्या बाईंचा आला, मावशीच्या केळ्यांचासुद्धा आला. पण कुणावर धरावा तेच कळेना, कारण आम्हा दोघींना तर कुणी काही विचारलंच नव्हतं.

त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस गाडीत आम्ही फार खोल खोल बोललो. तिच्या वडिलांनी गाव का सोडलं ते तिनं सांगितलं. माझ्या पहिल्या नोकरीच्या गावात मला पाणी भरायला किती लांब जावं लागायचं ते मी सांगितलं. प्रशिक्षणातल्या त्या तरुण बाईंनी आमची पाठ थोपटली असती. मग एका सकाळी ती फुलकोबीवर आली आणि मला हायसं वाटलं. मनातलं बोलायला रोज तेवढं मनात नसतंही. आता आम्ही दोन्ही बोलतो. चतुर्थीच्या एका सकाळी आम्हाला गाडीत पोहे खाताना बघून मावशीनं विचारलं, “आज दोघींचा उपास सुटला का काय?” सिस्टर म्हणाली, “मावशी, आमी बौद्ध हाव. आमच्यात न्हाई उपास.” मावशी म्हणाली, “मंग इतके दिस उपाशी कामून राह्यल्या, बायांनो?” तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी बघितलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होते. 

मुलीला हे सांगायला मी बरेच दिवस लावले. शेवटी एका रविवारी दुपारी, ती कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा सांगितलं. गंमत म्हणूनच सुरुवात केली. दोघींचे उपास, दोघींची भगर, लग्नातली नजरानजर. ती पोट धरून हसली. मग मी वरच्या मजल्याचंही सांगितलं, कारण तिच्याशी अर्धवट बोलायचं नव्हतं.

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“क्लासच्या मागच्या गल्लीत?”

“हो.”

“आणि त्या द्यायला तयार होत्या?”

“हो.”

तिनं टॉवेलची घडी घातली, ती चुकली, परत घातली.

“आई, मग इतकी वर्षं तुमी दोघी रोज बोलायच्या तरी काय?”

ती रागानं विचारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. 

“खूप बोलायचो गं,” मी म्हणाले.